पाया पक्का करण्याच्या नादात वर्ष घालवू नका

मार्च संपता संपता युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे निकाल लागतात आणि आमच्यासारख्या काउन्सेलरांचे फोन वाजू लागतात. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन रमोन, खाली अर्व्हाइन. गावं बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. ‘बर्कली नाही, यूसीएलए नाही, आता कम्युनिटी कॉलेजला घातलं तर लोक काय म्हणतील?’ पाठोपाठ दुसरा: ‘तिथून दोन वर्षांनी बर्कलीला नक्की जाता येतं ना?’ आणि जुलै उजाडला की तिसरा: ‘त्याला थेट कॅल्क्युलसचा वर्ग देतायत. पण आम्ही म्हटलं, एक पायरी खालून सुरू कर, आधी पाया पक्का होऊ दे. बरोबर केलं ना?’

पहिले दोन प्रश्न लवकर निकालात काढू. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते नीट समजावून सांगायला जागा लागते.

लोक काय म्हणतील? म्हणू द्या. महाराष्ट्रात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली मुलं तुमच्या वर्गात होती. डिग्री हातात पडल्यावर त्यांना कुणी विचारलं का, पहिलं वर्ष कुठे काढलंत म्हणून? इथेही तेच आहे. अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली निघालं. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून पुढे विद्यापीठात जायचं, ही वाट १९६०च्या मास्टर प्लॅनने राज्याच्या शिक्षणव्यवस्थेत अधिकृतपणे आखून दिली. राज्याच्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटची फी ४६ डॉलर पडते. ट्रान्सफरला लागणारे ६० युनिट धरले तर दोन वर्षांचे २,७६० डॉलर. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलाला तेवढेही भरावे लागत नाहीत अशी कितीतरी कॉलेजं आहेत. दुसरीकडे, शेजाऱ्यांना नाव सांगता यावं म्हणून परराज्यातल्या खासगी विद्यापीठाला वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलर मोजायला आपली माणसं घर गहाण टाकतात. त्या फॅशनवर माझं मत एका ओळीत: कर्ज तुमचं असेल तर हौस तुमची, कर्ज मुलाच्या नावावर असेल तर तो अन्याय आहे.

बर्कलीला नक्की जाता येतं का? ‘नक्की’ हा शब्द बर्कलीसाठी कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. यूसीच्या सहा शाखा ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या यादीत नाहीत. तरीही यूसीएलएमध्ये हायस्कूलमधून थेट अर्ज करणाऱ्या शंभरातल्या नऊएक मुलांना प्रवेश मिळतो, तर ट्रान्सफरचा अर्ज करणाऱ्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला. कम्प्युटर सायन्सला हे गणित फार कडक होतं, हे लगेच सांगून ठेवते. हमी देणाऱ्या शाखांतही काही मेजर वगळलेले असतात, तेही पाहून घ्या.

हे आकडे ऐकून गेल्या काही वर्षांत उलटीच फॅशन सुरू झाली आहे: कम्युनिटी कॉलेज म्हणजे बर्कलीचा स्वस्त मागचा दरवाजा. ही फॅशन पहिलीइतकीच घातक आहे, कारण ती अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी अशी. देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांत पाऊल टाकणाऱ्या शंभरातल्या ऐंशी मुलांना पुढे चार वर्षांची डिग्री हवी असते. ट्रान्सफर होतात तेहतीसच्या आत. सहा वर्षांत डिग्री हातात पडते ती सोळा जणांच्या. शिकवणं वाईट असतं म्हणून हे होत नाही. यातल्या कितीतरी वर्गांत विद्यापीठापेक्षा चांगलं शिकवतात. घसरण सुरू होते ती पहिल्या सेमिस्टरच्या आधीच्या दोन टेबलांवर. एका टेबलावर ठरतं की मूल गणित आणि इंग्रजीच्या कुठल्या वर्गात बसणार; याला इथे प्लेसमेंट म्हणतात, नोकरीशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या टेबलावर काउन्सेलर बसलेला असतो. त्याने तीस मिनिटांत आखून दिलेल्या वाटेने मूल दोन वर्षं चालतं, किंवा काउन्सेलरकडे गेलंच नाही तर वाटेशिवाय चालतं.

अर्ध्या तासाची परीक्षा

बरीच वर्षं पहिल्या टेबलाचा कारभार असा होता. मूल प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात येई, कुणीतरी त्याला कम्प्युटरसमोर बसवी आणि कॉम्पास किंवा अ‍ॅक्युप्लेसर नावाची परीक्षा घेऊन मोकळं करी. तयारी कर असं कुणी बजावलेलं नसे. गणित सोडून सहा महिने झालेले असत. अपूर्णांकाच्या चार प्रश्नांत गडबडलेला मुलगा थेट अंकगणिताच्या वर्गात पडे. मग अंकगणित, प्राथमिक अल्जेब्रा, मध्यम अल्जेब्रा अशा पायऱ्या चढल्यावर कुठे विद्यापीठ ज्याचं क्रेडिट धरतं तो वर्ग. खालच्या पायऱ्यांची फी भरायची, परीक्षा द्यायच्या, क्रेडिट शून्य.

या पायऱ्यांवर काय होतं ते एका कागदावर मांडून पाहा. समजा खालचे तीन वर्ग आहेत आणि वर एक खरा वर्ग. समजा प्रत्येक वर्गात शंभरातली ऐंशी मुलं पास होतात, आणि पास झालेल्यांपैकी दहातली नऊ पुढच्या वर्गात नाव घालतात. आपल्या दृष्टीने हा उत्तम निकाल आहे. पहिल्या पायरीनंतर उरतात ७२, दुसरीनंतर ५२, तिसरीनंतर ३७. वरच्या वर्गात यातली ऐंशी टक्के पास झाली तरी शेवटी हाती लागतात ३०. कुठलाही शिक्षक नालायक नाही, कुठलंही मूल आळशी नाही, तरी शंभरातली सत्तर गळाली. पायऱ्या जितक्या जास्त, तितक्या गळण्याच्या जागा जास्त.

प्रत्यक्षातही तसंच घडत होतं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तिथल्या थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं की गणिताच्या खालच्या पायऱ्यांवर पाठवलेल्यांपैकी तेहतीस टक्केच मुलं त्या पायऱ्या पूर्ण करतात. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट ही की न पूर्ण करणाऱ्यांतली बहुसंख्य मुलं नापास झालेलीच नव्हती. कितीतरी जणांनी पहिल्या वर्गातच नाव घातलं नाही, आणि काही पास होऊनही पुढच्या वर्गात आली नाहीत. कुणाला नोकरी लागली, कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचा धीर सुटला. मग त्याच केंद्रातल्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी परीक्षेलाच तपासायला घेतलं. गणितात चारातला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी साफ चुकीच्या वर्गात जात होता. त्यातही वरच्या वर्गात पास झाला असता अशाला खाली ढकलल्याची उदाहरणं जास्त. हायस्कूलच्या चार वर्षांची ग्रेड त्या अर्ध्या तासाच्या परीक्षेपेक्षा जास्त खरं बोलते, हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा निघाला.

मग चाकं फिरली. कॉम्पास काढणाऱ्या संस्थेनेच ती परीक्षा २०१६मध्ये बंद केली. कॅलिफोर्नियाने २०१७ साली एबी ७०५ हा कायदा केला: विद्यार्थ्याला गणित आणि इंग्रजीचा ट्रान्सफर दर्जाचा वर्ग एका वर्षात पूर्ण करता येईल अशी जास्तीत जास्त शक्यता कॉलेजने निर्माण करायची, आणि प्लेसमेंट हायस्कूलच्या ग्रेडवरून करायची. २०१९च्या फॉलपासून हे सर्वत्र लागू झालं. २०२२च्या एबी १७०५ने उरलेल्या पळवाटाही आवळल्या. इंजिनिअरिंग-विज्ञानाकडे जाणाऱ्यांना आता शक्यतो थेट कॅल्क्युलसमध्ये घेतात, आणि गरज असेल त्याला सोबत आधाराचा वर्ग देतात. या जोडवर्गाला कोरिक्विझिट म्हणतात. मूल मुख्य वर्गात बसतंच, शिवाय आठवड्याला दोन-तीन तास त्याच विषयातल्या कच्च्या जागा भरून घेतं. टेनेसीने ही पद्धत २०१५मध्येच राज्यभर आणली होती.

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. थेट वर घेतल्यामुळे त्या वर्गांत नापास होणाऱ्यांची संख्याही वाढली. अनेक प्राध्यापक अजून चिडलेले आहेत. समोरच्या मुलाला लॉगॅरिदम येत नाही आणि आपण डेरिव्हेटिव्ह शिकवायचा, ही त्यांची अडचण खरी आहे. पण सुरुवात केलेल्या शंभर मुलांतली किती जणं शेवटी पलीकडे पोचली, असं मोजलं तर नवी पद्धत जुनीपेक्षा पुढे आहे.

आपलं गणित कुठे चुकतं

म्हणजे कायद्याने, संशोधनाने, राज्याने मिळून मुलाच्या वाटेतल्या पायऱ्या काढल्या. आणि आपण मराठी आईबाप त्या स्वतःच्या हाताने परत बांधतोय.

हे कसं होतं, ते ऐका. मुलीने हायस्कूलमध्ये प्रीकॅल्क्युलस बी ग्रेडने पूर्ण केलंय. कॉलेज म्हणतं, कॅल्क्युलस वन घे. बाबा म्हणतात, ‘बी म्हणजे कच्चंच की. एक सेमिस्टर प्रीकॅल्क्युलस परत करू दे, ए मिळेल.’ दुसऱ्या घरी मुलाने एपी कॅल्क्युलसला चार मिळवलेत, क्रेडिट खिशात आहे, तरी आई म्हणते, ‘कॅल्क्युलस वन पुन्हा कर, सोपं जाईल.’ त्याच अभ्यासाचं क्रेडिट यूसी दोनदा देत नाही. मुलाचे चार महिने गेले, चार-पाच युनिट गेले, आणि ज्या ए ग्रेडचं अप्रूप वाटलं ती प्रवेश समितीला ओळखता येते.

ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे. आपण वाढलो तिथे शेवटी एकच परीक्षा असायची. तिच्यासाठी एक वर्ष जास्त घासलं तर मार्क वाढायचे, म्हणून ड्रॉप घेणं शहाणपणाचं ठरे, रिपीटरच्या बॅचेस भरत. इथे शेवटी एक परीक्षा नाही. दर सेमिस्टरला हिशोब होतो, आणि वर्गांची साखळी असते. कम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगला ट्रान्सफर व्हायचं तर साधारण कॅल्क्युलसचे तीन वर्ग, पुढे लिनिअर अल्जेब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स लागतात. एक संपल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. फिजिक्सचा पहिला वर्गही कॅल्क्युलस वनची वाट बघत थांबतो. चार सेमिस्टर आणि ही साखळी बरोबर मापात बसते. मध्ये बोटभर जागा उरत नाही. पहिल्या सेमिस्टरला ‘पाया’ घातलात की साखळी पाचव्या सेमिस्टरमध्ये गेली. यूसीच्या बहुतेक शाखांत ट्रान्सफर फक्त फॉलमध्ये होतं, म्हणजे एका सेमिस्टरची किंमत पूर्ण वर्ष.

आणखी एक. ट्रान्सफरचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस भरायचा असतो. त्या दिवशी तुमच्या मुलाच्या नावावर पहिल्या वर्षाच्याच ग्रेड असतात. त्या वर्षात त्याने प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस वन केलं असेल, तर समोरचा बसून बघणार ते एवढंच.

ज्यांच्या घरी आर्थिक मदत येते त्यांनी हेही लक्षात ठेवा: सरकारी पेल ग्रँट आयुष्यात बारा सेमिस्टरपुरतीच मिळते. खालच्या वर्गात घालवलेली सेमिस्टर त्यातूनच वजा होते.

आता थोडं कडू. हा लेख वाचणाऱ्यांतले निम्मे बाबा इंजिनिअर आहेत. बारावीनंतर तुम्ही थेट एम-वनच्या वर्गात बसला होतात. कुणी म्हटलं नव्हतं की आधी वर्षभर बारावी परत कर. एम-थ्रीला केटी लागली, पुढच्या खेपेला सुटली. त्या केटीने तुमचं काय बिघडलं? मग मुलाला एक सी ग्रेड मिळेल या भीतीने वर्ष खाली का ठेवता? ‘त्याच्या भल्यासाठी’ हे उत्तर मला दर वर्षी मिळतं. खरं उत्तर बहुधा असं असतं की तो नापास झाला तर ते आपल्याला सोसणार नाही. ही भीती तुमची आहे. तिची फी मुलाने भरायची कारण नाही.

नापास झालाच तर? सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत वर्ग सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर खूणही राहत नाही. डी किंवा एफ मिळाली तर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात तो वर्ग पुन्हा घेता येतो आणि नवी ग्रेड जीपीएमध्ये धरतात. म्हणजे वर जाऊन पडलेला मुलगा पुढच्या सेमिस्टरला जिथे उभा असतो, तिथेच खालून सुरू करणारा मुलगा उभा असतो. फरक इतकाच की पहिल्याने तो अभ्यासक्रम एकदा पाहिलेला असतो.

खालून सुरू करणं योग्य असतं असेही विद्यार्थी आहेत. अल्जेब्रा टूच्या पुढे हायस्कूलमध्ये गणित घेतलंच नाही आणि इंजिनिअरिंग करायचंय, त्याला प्रीकॅल्क्युलस लागेल. मग ते जून-जुलैच्या समर सेशनमध्ये उरका, फॉलचं सेमिस्टर त्यात घालू नका. दहा वर्षांनी शिक्षणाकडे परतलेल्या, घर-नोकरी सांभाळणाऱ्या बाईचा हिशोबही वेगळा. अठरा वर्षांच्या, तीन वर्षं गणित घेतलेल्या पोराने त्यांच्या रांगेत उभं राहू नये.

स्टॅटिस्टिक्सला नाकं मुरडू नका

आता माझ्या आवडीचा मुद्दा, जो आपल्याकडे कुणी विचारत नाही. प्रत्येक मुलाला कॅल्क्युलस लागत नाही.

मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंग अशा बहुतेक वाटांना ट्रान्सफर दर्जाचं स्टॅटिस्टिक्स पुरतं. तरी आपल्या घरात मुलगी म्हणाली, मला सायकॉलॉजी करायचंय, की उत्तर येतं, ‘कर, पण कॅल्क्युलस घेऊन ठेव, दरवाजे उघडे राहतात.’ ते दरवाजे उघडे ठेवण्याच्या नादात तिचा जीपीए तीनच्या खाली येतो आणि जो दरवाजा तिला हवा होता तोच बंद होतो.

न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत, म्हणजे क्युनीत, अलेक्झांड्रा लोग यांनी केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. जुन्या हिशेबाने प्राथमिक अल्जेब्रात पाठवायची मुलं त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटली. एक गट अल्जेब्रात, दुसरा अल्जेब्रा आणि सोबत कार्यशाळा, तिसरा थेट कॉलेज दर्जाच्या स्टॅटिस्टिक्समध्ये कार्यशाळेसह. अल्जेब्रात पास झाले ३९ टक्के. स्टॅटिस्टिक्समध्ये ५६ टक्के. लक्षात घ्या, ज्यांना ‘पाया कच्चा’ म्हणून खाली बसवणार होते, त्याच मुलांचा हा निकाल आहे. पुढे तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांतही तिसरा गट पुढे राहिला.

स्टॅटिस्टिक्स कमी दर्जाचं गणित असल्याचा गैरसमज काढून टाका. औषधांच्या चाचण्या, निवडणुकांचे अंदाज, विम्याचे हप्ते, सगळं त्यावर चालतं. अर्थशास्त्र आणि बिझनेसला मात्र यूसीत सहसा कॅल्क्युलस लागतं, तेव्हा मेजरचं नाव घेऊन तपासा. तपासायची जागा एकच: असिस्ट ही राज्याची अधिकृत वेबसाइट. कुठल्या कॉलेजचा कुठला वर्ग कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदली धरतात, ते तिथे ओळीने दिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या काकांनी सांगितलेलं धरू नका.

दुसरं टेबल

वर्ग बरोबर मिळाला तरी वाट चुकते. अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, गाओने, २०१७ साली अंदाज दिला की कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट बदलताना वाया जातात. पैसे भरले, परीक्षा दिल्या, नव्या ठिकाणी ते धरले नाही. हे थांबवण्याचा उपाय म्हणजे पहिल्याच सेमिस्टरला काउन्सेलरबरोबर बसून केलेला लेखी आराखडा. त्याला इथे एज्युकेशन प्लॅन म्हणतात.

सल्ल्याने खरंच फरक पडतो का, अशी शंका हिशोबी पालकांना असते. क्युनीनेच २००७ साली असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी पूर्णवेळ शिकायचं, सल्लागाराला नियमित भेटायचं, बदल्यात फी, पुस्तकं आणि सबवेचं मेट्रोकार्ड. त्या काळात तिथल्या सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी असत. बाहेरच्या सल्लागारांकडे ६०० ते १,५००. तीन वर्षांनी असॅपच्या गटातल्या ४० टक्के मुलांनी पदवी घेतली, तशाच बाकीच्यांतल्या २२ टक्क्यांनी.

तुमच्या कॉलेजात असॅप नसेल. काउन्सेलरकडे गर्दी असेल, ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवडे वेळ मिळणार नाही. म्हणून जूनमध्येच जा. कॅलिफोर्नियात ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन पूर्ण केलेल्याला वर्ग निवडायला आधीची पाळी मिळते, आणि कॅल्क्युलसचे सोयीचे वर्ग आधीच्या पाळीतच भरून जातात. भेटीला जाताना मुलाने हे प्रश्न लिहून न्यावेत:

– माझ्या मेजरच्या साखळीतला गणिताचा पहिला वर्ग कोणता, आणि मी थेट तिथून का सुरू करू नये?
– त्याला जोडवर्ग आहे का, आणि त्याने माझा आठवडा किती भरेल?
– चार सेमिस्टरचा आराखडा तीन विद्यापीठं धरून आज लिहून द्याल का?
– यातला कुठला वर्ग वर्षातून एकदाच असतो?
– नोव्हेंबरमध्ये अर्ज भरेन तेव्हा माझ्या कुठल्या ग्रेड दिसतील?
– मी मेजर बदलला तर यातलं काय वाया जाईल?

शेवटचा प्रश्न विचारायला मुलं घाबरतात, कारण शेजारी आई बसलेली असते. म्हणून पुढचा मुद्दा.

आईबाबांनी बाहेर बसावं

१९७४चा फेरपा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात शिरलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय अठराच्या आत असलं तरी. फी तुम्ही भरत असाल, ग्रेड मागण्याचा हक्क त्यामुळे आपोआप मिळत नाही. मुलाच्या लेखी परवानगीशिवाय काउन्सेलर बोलायला नकार देईल, आणि तो उद्धटपणा नसतो. दर ऑगस्टला एखादे वडील काउंटरवर आवाज चढवतात; मूल शेजारी मान खाली घालून उभं असतं. त्या दिवसापासून ते मूल काउन्सेलरकडे फिरकत नाही. या सगळ्या खटाटोपात मुलाला मिळणारी एकमेव माणसाची मदत बाबांनी पाच मिनिटांत तोडलेली असते.

त्याहून वाईट प्रकार घरी चालतो. मुलाचा पासवर्ड बाबांकडे, वर्ग बाबा निवडतात, प्रोफेसरला इमेल मुलाच्या नावाने आई लिहिते. मग तिसऱ्या सेमिस्टरला कळतं की मुलगा दोन महिने वर्गात गेलेलाच नाही. जो वर्ग त्याने निवडलाच नव्हता, तो सोडताना त्याला काहीच वाटलं नाही.

पोरांनो, तुमच्याशीही दोन शब्द. आईबाबांना पोर्टल उघडून दाखवायला कायद्याने तुम्ही बांधील नाही, पण खोटं बोलायची सूटही त्याने मिळत नाही. महिन्यातून एकदा, ठरवून, स्वतः बसून दाखवा. घरातलं भांडण निम्म्याने कमी होतं.

नुकत्याच आलेल्यांसाठी, आणि इतर राज्यांतल्यांसाठी

पुण्या-नाशिकहून बदलीवर आलेल्या घरांत बारावी झालेलं मूल असतं. अमेरिकन ट्रान्स्क्रिप्ट नसल्याने कॅलिफोर्नियात त्याला मार्गदर्शित स्वयंनिवड दिली जाते. म्हणजे प्रश्नावली भरून आपला वर्ग आपणच सुचवायचा. इथे आपली माणसं हमखास स्वतःला कमी लेखतात. मराठी किंवा सेमी माध्यम म्हणून इंग्रजीच्या तळाच्या वर्गात नाव घालतात. शिवाजी विद्यापीठात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष इंग्रजी पुस्तकांतून काढलेल्या मुलाला तो वर्ग कंटाळा देईल, भाषा देणार नाही. जोडवर्गासह कॉलेज दर्जाचं इंग्रजी घ्या.

एच-फोरवर असलेल्या मुलांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. सरकारी आर्थिक मदत या व्हिसावर मिळत नाही. आणि एकविसावा वाढदिवस झाला की एच-फोर संपतो; शिकत राहायचं तर सहसा एफ-वन घ्यावा लागतो आणि फीचा दर बदलू शकतो. ज्याच्या हातात मोजकीच वर्षं आहेत, त्याने ‘पाया’साठी एक देऊन टाकणं हा शुद्ध वेडेपणा.

न्यू जर्सीत अ‍ॅक्युप्लेसर अजून भेटते. तिला तयारी न करता बसू नका. कॉलेज बोर्डाचा सराव फुकट आहे. हायस्कूलची ग्रेड धरता का, हे आधी विचारा. अनेक ठिकाणी परीक्षाच टळते. वर्गातल्या वरच्या पंधरा टक्क्यांत असाल तर एनजे स्टार्स योजनेत काउंटी कॉलेजची फी माफ होते, याची एडिसनमधल्या निम्म्या घरांना कल्पना नसते. टेक्सासमध्ये टीएसआयए ही परीक्षा आहे. तिच्याआधीचा सराव सक्तीचा आहे, तो बटणं दाबून उरकू नका. तिथेही २०१७च्या कायद्याने जोडवर्ग आणले आहेत. काउंटरवर ते स्वतःहून सुचवतीलच असं नाही, मागून घ्या.

आता कामाला लागा. अपॉइंटमेंट मुलाला घेऊ द्या, त्याच्या फोनवरून, त्याच्या शब्दांत. वर्ग त्याला निवडू द्या. पहिल्या मिडटर्मला शंभरापैकी पंचावन्न आले तर घरात सुतक पाळू नका आणि ‘तेव्हाच सांगितलं होतं’ हे वाक्य गिळून टाका. कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये मदत बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. त्याला तिथे जायला सांगा, एकदा सांगा, आणि गप्प बसा.